पाटीवरचा आकडा आणि उरलेला वाव : बारामती-इंदापुरातले ग्राफिक्स कार्ड

संगणकातली चिप उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ग्राफिक्स कार्डावर हा वेग दोन ठिकाणी वाढवता येतो. एक म्हणजे चित्र तयार करणारी मुख्य चिप, जीपीयू, आणि दुसरी तिच्याभोवती बसवलेली मेमरी. हे जमते याचे कारण असे की सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून निघालेल्या चिपाही सारख्या निपजत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर वेगाने चालतात, काही तेवढ्याच वेगाला धापा टाकतात. उत्पादक जो आकडा छापतो तो त्यातल्या सुमार चिपलाही, गरम खोलीतही, काही वर्षे झेपेल असा असतो. चांगल्या चिपच्या वाट्याला त्यामुळे वाव उरतो. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा या वावाचाच इतिहास आहे. तो आधी ग्राहकाच्या हाती होता, मग उत्पादकाने स्वतःकडे घेतला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत त्याला आणखी दोन वाटेकरी आहेत, हवा आणि वीज.

पाटीवरच्या आकड्यापलीकडे यंत्र ओढण्याची सवय या भागाला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभे केले. पुढे तिथल्या कार्यशाळांतून साखर कारखान्यांची यंत्रे, बॉयलर आणि इस्रोच्या अग्निबाणांची मोटार-कवचेही तयार झाली. स्वातंत्र्यानंतर नीरा आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर सहकारी कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, नंतर कर्मयोगी आणि नीरा-भीमा. प्रत्येक कारखान्याला दररोज किती टन उसाचे गाळप करायचे याची क्षमता ठरवून दिलेली असते. पण शिवारात ऊस उभा असेल आणि उन्हाळा तोंडावर आला असेल, तर त्या आकड्यावर कोणी थांबत नाही. क्षमतेच्या शंभर टक्क्यांहून जास्त गाळप ही महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या अहवालांत नेहमी दिसणारी नोंद आहे. मात्र मिलमधून ऊस जास्त वेगाने ढकलला की रस पुरता निघत नाही. साखर बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, जाते आणि साखरेचा उतारा घसरतो. टनांचा आकडा वाढलेला दिसतो, पोत्यांचा त्या प्रमाणात वाढत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतही पुढे नेमके हेच दिसले.

बॉयलरच्या बाबतीत मात्र अशी ओढाताण चालत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याने चाचणी, निरीक्षक आणि सुरक्षा झडप सक्तीची केली. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दीडपटीपर्यंत पाण्याने तपासायचा आणि मग चालवायचा कमी दाबावरच, ही त्यातली रीत. आधी जास्त ताण देऊन पाहायचे आणि रोजचे काम त्याच्या खाली ठेवायचे, हे सुरक्षित ओव्हरक्लॉकिंगचेही सूत्र आहे, फक्त इथे निरीक्षक येत नाही.

शेतीपंपांचा अनुभव याहून कडू आहे. मंजूर भार तीन अश्वशक्तीचा आणि विहिरीवर मोटार पाचाची, असे अनेक ठिकाणी चालत आले. अशा मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, वाढल्या की व्होल्टेज डाऊन होते, मोटार तेवढेच काम उरकायला जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. नाहीतर डीपीच जळते आणि सगळी आळी अंधारात बसते. तालुक्याच्या गावात मोटार रिवाइंडिंगचा धंदा भरभराटीला येण्यामागे हे मोठे कारण आहे. कमी व्होल्टेज आणि जास्त उष्णता यंत्राचे काय करते, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

संगणकातले ओव्हरक्लॉकिंग सुरू झाले ते क्रिस्टलपासून. आयबीएमने १९८४ मध्ये बाजारात आणलेला पीसी एटी ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्याच्या बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल असे आणि त्याची वारंवारता निम्मी करून प्रोसेसरला दिली जाई. लोकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला. संगणक ८ वर चालू लागला आणि बहुतेकांच्या घरी तो सुखाने चालला. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) वेग तपासणारी सोय घातली, म्हणजे क्रिस्टल बदललेला सापडला की संगणक सुरूच होऊ नये. वाव कोणाचा, हा वाद तेव्हापासूनचा. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए मदरबोर्डावरची एक सेटिंग बदलून थेट ४५० वर जाई. स्वस्त चिपेत महागड्या चिपेचा वेग मिळतो, ही गोष्ट त्या एका प्रोसेसरने जगभर पोहोचवली.

ग्राफिक्स कार्डांत हे लोण त्याच सुमारास आले. थ्रीडीएफएक्सचे व्हूडू १९९६ चे. त्याचा वेग ५० मेगाहर्ट्झ आणि चिपेवर पंखासुद्धा नसे. एनव्हिडियाची रिवा टीएनटी १९९८ मध्ये १२५ मेगाहर्ट्झची येणार म्हणून गाजली, आणि उष्णता आवरेना म्हणून प्रत्यक्षात ९० वर उतरवून विकली गेली. ज्याच्याकडे चांगला हीटसिंक आणि पंखा होता त्याला मधले मेगाहर्ट्झ खुणावणारच. पॉवरस्ट्रिप आणि रिवाट्यूनर या प्रोग्रॅमांमुळे सोल्डरिंगची गरज संपली आणि पडद्यावरची पट्टी सरकवून वेग वाढू लागला. एटीआयच्या २००२ च्या रेडिऑन ९५०० कार्डांपैकी काहींमध्ये तर बंद ठेवलेले अर्धे भाग सॉफ्टवेअरने जागे करता येत. ज्याच्या कार्डात ते भाग खरोखर सदोष असत त्याच्या पडद्यावर चौकटीचौकटींची नक्षी उमटे. ही सोडतच होती.

बारामतीत संगणक खऱ्या अर्थाने रुळला तो याच काळात, पण वेगळ्या वाटेने. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानने २००० मध्ये माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था काढली. २००१ मध्ये संगणकशिक्षण देणारे एमकेसीएल स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या गावांत उघडली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ २००३ पासून आयआयटी मुंबईच्या ‘आक्वा’ या संगणकीय सेवेवर शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. या सगळ्या कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नव्हते, मदरबोर्डावरच्या चिपेवर भागत होते. कार्ड आले ते गेम खेळणाऱ्या पोरांच्या, आर्किटेक्टच्या आणि लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओंच्या संगणकांत. माल येई तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बाजारातून.

असेंबल केलेल्या त्या पीसींत एक गोम होती. कार्डाच्या पाटीवरचा आकडा जपून छापलेला असे, तर संगणकाला वीज पुरवणाऱ्या, कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसच्या पाटीवरचा आकडा फुगवून. ४५० वॅट असे स्टिकर लावलेला डबा १२ व्होल्टच्या तारेवर त्याच्या निम्मेही धड देत नसे, आणि ग्राफिक्स कार्डाची भूक तर बहुतेक त्याच तारेवर. कार्डाचा वेग वाढवला, गेम सुरू झाला आणि संगणक एकदम बंद पडला, तर दोष कार्डाला दिला जाई. खरा गुन्हेगार बहुधा तो डबाच असे. आजही ओव्हरक्लॉकिंगची पहिली पायरी म्हणजे एसएमपीएस तोलामोलाचा आहे का ते पाहणे. ती गाळून पुढे गेलेल्याच्या बाकीच्या सगळ्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

विजेने हा प्रश्न आणखी बिकट केला. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने लोडशेडिंगमध्ये काढली. लाईट जाताना आणि येताना व्होल्टेज हेलकावे खाई. घरोघर इन्व्हर्टर आले. पण घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी बनवलेला असतो आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो कित्येक मिलिसेकंद घेतो. एसएमपीएसमधला कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६ ते २० मिलिसेकंदच तग धरतो. कार्ड थंड बसले असेल तर हा खंड निभावतो. तेच ते ओव्हरक्लॉक होऊन कमाल भारावर असले की संगणक रीस्टार्ट होतो, आणि हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असेल तर तेही जाते. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसलाही मानवत नाही. शुद्ध साइन लाटेचा यूपीएस महाग पडतो, पण या दोन तालुक्यांत कार्डाचा वेग वाढवायचा तर त्यावर झालेला खर्च कार्डावरच्या खर्चापेक्षा कमी गरजेचा नाही.

हवेचा हिशेब सरळ वजाबाकीचा आहे. ठरावीक वॅट जाळणारे कार्ड, पंख्याचा वेग तोच असेल तर, खोलीच्या तापमानापेक्षा जवळपास ठरावीक अंशांनी गरम होते. २५ अंशांच्या खोलीत ६८ वर स्थिरावणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८३ च्या घरात जाते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला पट्टा. हवामान आणि जमिनीचे ताण झेलणाऱ्या शेतीच्या अभ्यासासाठी देशपातळीवरची संस्था २००९ मध्ये माळेगाव खुर्दला काढली गेली, ती उगीच नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. त्यात धूळ असते. गाळप हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत चिमणीतून उडालेली बगॅसची काजळीही येते. ती हलकी आणि चिकट असल्याने हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि हवेची वाटच बंद करते. अशा कार्डाचे तापमान काहीही न करता वाढलेले असते. हंगाम संपल्यावर पंखा बोटाने धरून ठेवून, म्हणजे तो उलट फिरणार नाही असा, ब्लोअरने पाती साफ केल्यावर जो फरक पडतो तो कित्येकदा ओव्हरक्लॉकिंगने मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

उष्णता चिपेचे काय करते याचा महागडा धडा २००८ मध्ये मिळाला. लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या अनेक चिपा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी जोडापाशी तडकू लागल्या आणि कंपनीला त्यासाठी जवळपास २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. दुरुस्तीच्या दुकानांत तेव्हापासून ‘हीट गन मारणे’ हा प्रकार रूढ झाला. बोर्ड तापवले की लॅपटॉप सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि काही आठवड्यांनी परत येते. चिपेच्या आतल्या धातूच्या सूक्ष्म तारांचे वेगळे दुखणे असते. करंट आणि तापमान वाढले की त्यांतले अणू हळूहळू जागा सोडतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचे गणित मांडले. ही झीज दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

२०१० च्या अखेरीस एएमडीने पॉवरट्यून आणि मार्च २०१२ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ६८० कार्डासोबत जीपीयू बूस्ट आणले. तिथून खेळ बदलला. कार्ड आता स्वतःच आपले तापमान, वॅट आणि व्होल्टेज पाहून क्षणाक्षणाला वेग चढवू-उतरवू लागले. पूर्वी ग्राहकाला मिळणारा वाव उत्पादकाने कारखान्यातच वापरून टाकला आणि त्याचे पैसे घेतले. २०१६ च्या जीटीएक्स १०८० चा जाहीर बूस्ट वेग १७३३ मेगाहर्ट्झ. थंड खोलीत ते न सांगता त्याच्या वर जाई आणि ८३ अंशांचे लक्ष्य गाठले की पायरी-पायरीने खाली येई. वर आलेला ४० अंशांच्या खोलीतला ८३ चा आकडा इथे लागू करून पाहावा. पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात आणि इंदापुरातल्या मे महिन्यातल्या खोलीत एकच कार्ड दोन वेगांनी चालते, आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत तीच असते.

आजची सुरक्षित पद्धत या अनुभवांतून घडली आहे. काही न बदलता तासभर भार देऊन तापमान, वेग आणि वॅट लिहून ठेवायचे, इथून सुरुवात होते. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममध्ये जीपीयूचा वेग १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढवतात आणि प्रत्येक पायरीवर चाचणी घेतात. पडद्यावर ठिपके, चमकणारे त्रिकोण किंवा रेषा दिसल्या, किंवा ड्रायव्हर कोसळला, की दोन पायऱ्या मागे येऊन थांबतात. मेमरी नंतर आणि वेगळी, म्हणजे चुकले तर कोणामुळे ते कळते. मेमरीच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही. २००८ पासून आलेल्या जीडीडीआर५ आणि पुढच्या मेमरीत चूक ओळखून तीच माहिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे वेग फार वाढला तर पडदा स्वच्छ दिसतो, पण पुनःपाठवणीत वेळ जातो आणि गेमच्या फ्रेम कमी होतात. मिलमधून ऊस जास्त गेला आणि उतारा पडला, तसाच हा प्रकार. म्हणून प्रत्येक पायरीवर मिळालेली फ्रेमसंख्या मोजायची. ती वाढायची थांबली की मेमरीची हद्द आली. नव्या सेटिंग संगणक सुरू होताच आपोआप लागू होतील अशी खूण मात्र काही दिवस बिनघोर चालल्यावरच करायची, नाहीतर चुकीचा आकडा प्रत्येक वेळी संगणक बंद पाडतो.

व्होल्टेज वाढवणे हा यातला सर्वांत धोक्याचा भाग, आणि गणितही त्याच्या विरुद्धच जाते. चिपेची खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढवले तर ती सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. हातात येतो तो फार तर १० टक्के वेग, आणि सहसा तेवढाही नाही. उलट व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले आणि वेग तसाच टिकला, तर ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली ती कार्डांवर इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग करणाऱ्यांनी, कारण त्यांचा नफा वीजबिलावर ठरे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत सोडली आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग जुन्या बाजारात आले. असे कार्ड घेतल्यास वेग वाढवण्याआधी थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड बदलावेत, पंख्याचे बेअरिंग तपासावे आणि बायोस मूळचाच आहे ना ते पाहावे. मायनिंगवाल्यांनी तो बदललेला असण्याची शक्यता मोठी.

मोठ्या कार्डांची जोडणीही तपासायला हवी. ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० चे प्लग २०२२ च्या अखेरीस वितळू लागले, त्यात पुरता न बसलेला प्लग हे एक मोठे कारण निघाले. व्होल्टेजची मर्यादा तोडल्याने किंवा परका बायोस घातल्याने झालेले नुकसान उत्पादक सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

दरम्यान, ग्राफिक्स चिप चित्रांपुरती राहिली नाही. एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा ही प्रोग्रॅमिंगची प्रणाली खुली केली आणि तिच्यावर कोणतेही गणित चालवणे सोपे झाले. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपले रेडिओ संकेत जीपीयूंवर हाताळते. पुण्याच्या सीडॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तोही याच चिपांच्या बळावर. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांसोबत उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रहाची चित्रे आणि शेतातले सेन्सर यांवरून पाणी-खताचा सल्ला देणाऱ्या अशा प्रणालींचे जड गणित दूरच्या डेटा सेंटरांत होते. तिथे कार्डांचा वेग कोणी वाढवत नाही. हजारो कार्डे वर्षानुवर्षे अखंड चालायची असल्याने वॅटची मर्यादा ठरवून, अनेकदा खाली आणूनच, ती चालवतात.

घरच्या कार्डासाठीही बारामती-इंदापुरात तोच मार्ग परवडतो: आधी सफाई, मग चांगला एसएमपीएस आणि यूपीएस, मग व्होल्टेज खाली. इतके करूनही वाव उरला, तरच वेगाला हात लावावा. जानेवारीत जमलेल्या सेटिंगची मे महिन्यातल्या दुपारी, पंखा-कूलर जसा रोज असतो तसा ठेवून, पुन्हा चाचणी घ्यावी, आणि तिथे टिकेल तेवढाच वेग वर्षभरासाठी कायम करावा.